बचाव सोडून बोला

आईस हॉकीत सर्वोत्तम बचावपटूचं बक्षीस हवं असेल, तर बचाव सोडून बाकी सगळं करावं. हा टोमणा नाही, निकालपत्रक आहे. २०२३ ची नॉरिस ट्रॉफी एरिक कार्लसनला मिळाली. सॅन होजे शार्क्सकडून खेळताना त्या हंगामात त्याने २५ गोल केले, ७६ गोलांना हातभार लावला, एकूण १०१ गुण. डोळे दिपतील असा खेळ, वाद नाही. आणि त्याच हंगामात त्याचा प्लस-मायनस होता उणे २६. तुम्ही बर्फावर असताना तुमच्या संघाने गोल केला की एक अधिक, खाल्ला की एक उणे, पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक जण शिक्षेच्या बाकावर असताना, केलेले गोल वगळून, असा हा हिशोब. आकडा कच्चा आहे, हे मलाही ठाऊक आहे; संघ भिकार असला की भला माणूससुद्धा त्यात बुडतो, आणि शार्क्स त्या वर्षी ८२ पैकी २२ सामने जिंकले होते. तरीही ज्याच्या डोळ्यांदेखत आपल्याच जाळीत इतके गोल जातात त्याला ‘वर्षातला सर्वोत्तम बचावपटू’ म्हणायला जीभ थोडी तरी अडखळावी की नाही?

अडखळत नाही. कारण मतदान करणारे लिहिणारे लोक आहेत, आणि लिहिणाऱ्याला घडलेलं लागतं. न घडलेल्याची बातमी होत नाही.

नॅशनल हॉकी लीगमध्ये ही ट्रॉफी १९५४ पासून देतात. नियमात लिहिलंय की हंगामभर या जागेवर सर्वांत अष्टपैलू खेळ करणाऱ्याला ती द्यावी. मग बॉबी ऑर आला. १९६८ ते १९७५ अशी सलग आठ वर्षं त्याने ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागू दिली नाही, आणि वर बचावपटू असूनही दोनदा अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले. लोकांना १९७०-७१ चे त्याचे १३९ गुण पाठ असतात. त्याच हंगामातला त्याचा अधिक १२४ हा प्लस-मायनस कुणी म्हणून दाखवत नाही. ऑर दोन्ही टोकांना खेळत होता; मतदारांनी त्यातलं एकच टोक उचललं आणि पुढे पन्नास वर्षं तेच हुंगत बसले.

मधे एकदा, कसं कोण जाणे, शुद्धीवर आले होते. सप्टेंबर १९८२ मध्ये माँट्रियलने अदलाबदलीत रॉड लँगवेला वॉशिंग्टनला दिलं. वॉशिंग्टन कॅपिटल्स म्हणजे १९७४ ला लीगमध्ये आलेला, पहिल्या हंगामात ८ सामने जिंकून ४४६ गोल खाल्लेला संघ. पहिल्या आठ वर्षांत एकदाही प्लेऑफचं तोंड पाहिलेलं नाही. संघ बंद पडणार की गाव सोडणार, एवढीच चर्चा उरली होती. लँगवे आला आणि पहिल्याच वर्षी संघ प्लेऑफमध्ये गेला. त्याच्या दुसऱ्या हंगामात कॅपिटल्सने अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी गोल खाल्ले. लँगवेचे स्वतःचे गोल पहिल्या हंगामात किती? तीन. दुसऱ्या हंगामात एडमंटनच्या पॉल कॉफीने १२६ गुणांचा डोंगर रचला, लँगवेचे गुण ३३. आणि तरीही दोन्ही वर्षी नॉरिस लँगवेला मिळाली. १९८३ आणि १९८४. असा निकाल पुन्हा लागला नाही. २००९ मध्ये झदेनो चारासारख्या सहा फूट नऊ इंची भिंतीला ट्रॉफी मिळाली खरी, पण भिंतीलाही त्यासाठी १९ गोल करावे लागले.

मी न्यू जर्सीत राहतो. डिव्हिल्सचा माणूस आहे. त्यामुळे आमचा बचावपटू स्कॉट स्टीव्हन्स याच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो, आणि तो चढूनच बोलणार आहे. स्टीव्हन्स २२ हंगाम खेळला. १६३५ सामने. त्यातल्या एकाही हंगामात त्याचा प्लस-मायनस उणे नाही. त्याने नॉरिस किती जिंकल्या? एकही नाही. दोनदा दुसरा आला, १९८८ ला आणि १९९४ ला. त्या दोन्ही वर्षी त्याचे गुण होते ७२ आणि ७८. म्हणजे ज्या वर्षी त्याने फॉरवर्डसारखं वागून दाखवलं त्या वर्षी मतदारांना तो बचावपटू वाटला. ज्या वर्षांत त्याने समोरच्यांचं जगणं हराम केलं त्या वर्षांत त्याला टाळ्या मिळाल्या, मतं नाहीत. निक्लास लिडस्ट्रॉमचं आणखी विचित्र. त्याला सात नॉरिस मिळाल्या आणि त्या मिळायलाच हव्या होत्या. पण शेवटची मिळाली २०११ ला, ६२ गुणांच्या जोरावर; आणि त्याच्या अख्ख्या कारकिर्दीतला उणे प्लस-मायनसचा एकुलता एक हंगाम तोच. पहिली मिळण्याआधीच्या तीन वर्षांत, १९९८ ते २०००, तो ओळीने दुसरा येत होता तेव्हा हे परीक्षक कुठे बघत होते?

इथले आपले मराठी मित्र मला एक प्रश्न नेहमी विचारतात, “अरे, हा तुझा माणूस बर्फावर करतो तरी काय?” क्रिकेटवर वाढलेली मंडळी. मी त्यांना बापू नाडकर्णींचं नाव सांगतो. जानेवारी १९६४, मद्रास कसोटी, इंग्लंडविरुद्ध. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. त्यात ओळीने २१ निर्धाव. नाशिकच्या या माणसाने त्या डावात केलं काय? काहीच होऊ दिलं नाही. आणि साठ वर्षांनंतरही शाळकरी पोराला तो आकडा माहीत असतो, कारण क्रिकेटच्या वहीत ‘काही झालं नाही’ हे लिहायला वेगळा रकाना आहे. हॉकीच्या वहीत तो नाही. गोल, असिस्ट, शॉट, धडक, अडवलेला शॉट, पेनल्टीची मिनिटं, सगळे रकाने घडलेल्याचे. जो घडू देत नाही त्याची पाटी रात्र संपल्यावर कोरी.

मग त्या कोऱ्या पाटीमागे असतं काय, ते नीट सांगायला हवं, कारण कुणी सांगतच नाही. रिंक २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. गोलरक्षक सोडून पाच जण, त्यात दोन बचावपटू. समोरून फॉरवर्ड पूर्ण वेगात तुमच्या अंगावर येतोय आणि तुम्ही त्याच्याकडे तोंड करून उलटे घसरत मागे जाताय. इथला सगळा खेळ अंतराचा. अंतर जास्त ठेवलं तर त्याला ब्लू लाइन, म्हणजे तुमच्या हद्दीची रेषा, फुकटात मिळते, शॉट मारायला जागा मिळते, वर तुमच्याच शरीराचा आडोसा करून तो गोलरक्षकाला आंधळा करतो. कमी ठेवलं तर तो तुम्हाला वळसा घालून निघून जातो आणि तुम्ही त्याच्या जर्सीवरचं नाव वाचत बसता. तेव्हा ब्लू लाइनवर पोचताना अंतर हवं साधारण एका स्टिकचं. शरीर त्याच्या थोडं आत, मैदानाच्या मधल्या बाजूला, म्हणजे बाहेरची गल्ली त्याला ‘दिलेली’ असते. ती गल्ली बोर्डापाशी जाऊन संपते, हे त्याला कळेपर्यंत तो तिथे पोचलेला असतो. स्टिक एका हातात, पातं बर्फाला टेकलेलं, पास जाऊ शकेल त्या वाटेवर. नजर त्याच्या छातीवर. पक फसवतो, डोळे फसवतात, खांदेही फसवतात. छाती जाईल तिकडेच माणूस जातो.

एवढं सगळं जमलं तर काय होतं? फॉरवर्ड तीन पर्याय घेऊन निघाला होता, ब्लू लाइन येईपर्यंत त्याच्याकडे एकही उरत नाही. तो वैतागून पक कोपऱ्यात ढकलून देतो आणि बाकावर बसायला जातो. प्रेक्षकांतला एक जण बिअर आणायला उठतो. वहीत नोंद नाही.

पुढचा भाग तर याहून कमी लोक पाहतात. पक आता तुमच्या मागे कोपऱ्यात आहे आणि तो आणायला तुम्हाला खेळाकडे पाठ करून जायचंय, मागून कुणीतरी तुम्हाला काचेत चिणायला येतोय. साधा बचावपटू पकापर्यंत पोचतो आणि मग विचार करतो. थोर बचावपटूने जाता जाता दोनदा खांद्यावरून मागे पाहिलेलं असतं. पकाला हात लागायच्या आधी तो कुणाला द्यायचा हे ठरलेलं असतं. स्पर्श, वळण, पास, मधल्या फॉरवर्डच्या स्टिकच्या पात्यावर थेट. दोन सेकंद. संकट आलं होतं हे घरी टीव्हीवर पाहणाऱ्याला कळतही नाही. याउलट आपले ‘भरवशाचे’ म्हणवणारे खंदे वीर पक उचलून काचेवर आपटतात आणि तो बाहेर गेला की समालोचक म्हणतो, सेफ प्ले. कसला सेफ? पक समोरच्याच्या हातात दिला. पंधरा सेकंदांत तो पुन्हा तुमच्या दारात. बचाव करायचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे पक आपल्याकडे ठेवणं, आणि हे ज्याला जमत नाही त्याने ‘मी घरचा माणूस, मला पुढचं नका सांगू’ असं म्हणून आपल्या अडाणीपणाला बाणेदारपणाचा शेला पांघरवू नये.

इथे माझं भांडण दुसऱ्या टोळीशी आहे. गुण मोजणाऱ्यांशी झालं, आता जखमा मोजणाऱ्यांशी. यांना बचाव म्हणजे धडक आणि शॉटपुढे झोकून देणं. दात पडले, नाक फुटलं, टाके घालून परत आला की हे उभे राहून टाळ्या पिटतात. पक म्हणजे गोठवलेल्या रबराची, १६० ग्रॅमच्या आसपासची चकती. चाराने २०१२ च्या एका स्पर्धेत तो ताशी १७५ किलोमीटर वेगाने मारला होता. त्याच्यापुढे जो पाय घालतो त्याच्या छातीला मी नमस्कार करतो. पण त्याच्या खेळाला नाही, निदान प्रत्येक वेळी नाही. शॉट अडवायला आधी शॉट व्हावा लागतो. धडक त्यालाच देता येते ज्याच्याकडे पक आहे. म्हणजे रात्रभरात ज्याने आठ शॉट अंगावर घेतले आणि सात धडका मारल्या, त्याने पंधरा वेळा हे कबूल केलं की पक समोरच्याकडे होता. शेवटच्या मिनिटाला, एका गोलाची आघाडी असताना, जाळीपुढे आडवं पडावं लागतं; तिथे तोंड वर करून अंतरमोजणी शिकवणाऱ्याला मी स्वतः रिंकबाहेर काढीन. पण पहिल्याच सत्रात जो सारखा बर्फावर लोळतो, तो उशिरा पोचलेला माणूस आहे. वरातीमागून येणाऱ्या घोड्याचं आपण कौतुक करतोय, ते घोडं जोरात पळतंय म्हणून.

या टोळीचा देव बॉब बॉन. १९६४ ची स्टॅन्ली कप अंतिम मालिका, सहावा सामना, टोरंटो हरलं तर खेळ खल्लास. पायावर शॉट बसून बॉन स्ट्रेचरवरून बाहेर गेला, पाय बधिर करून घेऊन परत आला, आणि जादा वेळेत मोडक्या पायाने त्याने विजयी गोल केला. गोष्ट खरी आहे, थरारक आहे. पण यातली गंमत कुणाच्या लक्षात येत नाही. बॉन हाडाचा बचावपटू, ९६४ सामन्यांत ३७ गोल करणारा. आयुष्यभर त्याने लोकांना गोल करू दिले नाहीत, आणि साठ वर्षं त्याला लोक ओळखतात ते कशासाठी? गोलासाठी.

न्यू जर्सीत हेच स्टीव्हन्सच्या बाबतीत होतं, आणि इथे मी माझ्याच गावात शिव्या खाणार आहे. कुणालाही विचारा, स्टीव्हन्स का थोर, तर उत्तर येतं लिंड्रोस. मे २००० मधला फिलाडेल्फियातला सातवा सामना, एरिक लिंड्रोस मान खाली घालून मधून येतोय, स्टीव्हन्सचा खांदा त्याच्या जबड्यावर, आणि लिंड्रोस बर्फावर निपचित. फिलाडेल्फियाच्या जर्सीत तो पुन्हा कधी खेळला नाही. तेव्हाच्या नियमात ती धडक बसत होती. २०१० मध्ये डोक्यावरच्या धडकांना वेगळा नियम आला. लिंड्रोसनंतर तीन वर्षांनी अंतिम मालिकेत पॉल कारियाचं तेच झालं, फक्त कारिया उठून परत आला आणि त्याने गोल केला. ही दोन दृश्यं लोक आजही चवीने पाहतात. स्टीव्हन्सची स्वतःची कारकीर्द जानेवारी २००४ मध्ये डोक्याच्याच दुखापतीने संपली, हे मात्र त्या चित्रफितींच्या शेवटी जोडलेलं नसतं. माझं म्हणणं एवढंच, की लिंड्रोस त्या रात्री मधूनच का आला? कारण बाहेरच्या सगळ्या वाटा बंद होत्या. थोरपण त्या वाटा बंद करण्यात होतं, जबड्यात नाही. बावीस वर्षं एकदाही उण्यात न जाणं खांद्याने होत नाही.

२००५ मध्ये, अख्खा एक हंगाम टाळेबंदीत बुडवल्यानंतर, लीगने नियम कडक केले. स्टिकने अडकवणं, कमरेला मिठी मारणं, चालताना आडवं येणं, यांवर खरोखर शिट्ट्या वाजू लागल्या. दोन रेषांपलीकडचा लांब पासही मोकळा झाला. तेव्हा सगळे जाणते लोक छाती पिटत म्हणाले, संपला हो आता बचावपटू. कुणी संपलं नाही. संपले ते मिठी मारणारे. ज्याला उलटं घसरता येत होतं, वळता येत होतं, डोकं होतं, त्याची किंमत उलट वाढायला हवी होती. आकडेवारीवाल्यांनी थोडंफार पुण्य केलं हे मान्य करायला हवं: बफेलोच्या गोलरक्षक-प्रशिक्षक जिम कॉर्सीच्या नावाचा तो हिशोब, तुम्ही बर्फावर असताना दोन्ही बाजूंनी किती शॉट सुटले याचा, तो आल्यावर कळलं की कित्येक दांडगे वीर अख्खी रात्र आपल्याच जाळीपुढे काढत होते. पण ती मंडळीही शेवटी आकड्यापाशी थांबतात. कुणाविरुद्ध खेळत होता, किती थकलेला होता, जोडीदार कोण होता, हे विचारलं की संगणकाकडे बोट.

आणि आता जेकब स्लेव्हिन. कॅरोलायना हरिकेन्सचा. २०१२ च्या निवडीत १२० वा, म्हणजे ११९ नावं आधी वाचून झाली होती. रोज रात्री समोरच्या संघाचा सर्वांत घातक फॉरवर्ड याच्या वाट्याला येतो. असल्या माणसाला पेनल्ट्या घ्याव्याच लागतात, असं म्हणतात. वाकडं केल्याशिवाय निखळ ताकदीचा माणूस थांबत नाही म्हणे. २०२०-२१ च्या हंगामात स्लेव्हिन ५२ सामने खेळला आणि दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर बसला. सामन्यात नव्हे, हंगामात. तीही कुणाला पाडलं म्हणून नाही. पक चुकून काचेवरून प्रेक्षकांत गेला म्हणून. बाकी वेळ नुसतं स्टिकचं पातं आणि पायांची जागा. लिंड्रोसवाल्यांनी हे एकदा शांतपणे पाहावं. लीगने यावर काय केलं? लेडी बिंग ट्रॉफी दिली. २०२१ ला, पुन्हा २०२४ ला. ती सभ्य वागणुकीची ट्रॉफी. पृथ्वीवरच्या सर्वोत्तम बचावाला यांनी शाळेतलं ‘वर्तणूक उत्तम’ हे प्रशस्तिपत्रक दिलं! पगार बघायचा तर कार्लसनचा करार वर्षाला एक कोटी १५ लाख डॉलरचा, स्लेव्हिनचा नवा करार ६४ लाखांच्या आसपास. बाजारही मतदारांचाच चुलतभाऊ.

बरं, बचाव मोजता येत नाही म्हणून बक्षीस नाही, असंही म्हणायची सोय नाही. १९७८ पासून सेल्की ट्रॉफी आहे, उत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डसाठी. ज्याचं काम गोल करणं, तो बचावही करतो म्हणून त्याच्या गळ्यात हार. आणि ज्याचं कामच बचाव, त्याला तसा वेगळा हार असावा, हे पुढे कित्येक दशकं सुचलं नाही. मतदार बचाव ओळखतात, फक्त तो भलत्याच माणसाने केलेला असावा लागतो.

आमच्याकडे केन डेनेको होता. १२८३ सामने, सगळे डिव्हिल्ससाठी, गोल ३६. हे सगळं वाचून वाटेल तसा तो निर्मळ कलाकार नव्हता. पेनल्टीची मिनिटं अडीच हजारांवर, दात किती गेले ते त्यालाच माहीत. पण जाळीपुढची चार हात जागा त्याला अशी कळायची की समोरच्याला शॉट दिसायच्या आधी याची स्टिक तिथे पोचलेली असायची. २००३ च्या अंतिम मालिकेत पहिले सहा सामने त्याला बाहेर बसवलं. वय ३९. सातव्या सामन्याला प्रशिक्षक पॅट बर्न्सने त्याला उतरवलं, तो त्याचा शेवटचा सामना. समोरच्या ॲनाहाइमला त्या रात्री एकही गोल करता आला नाही. डिव्हिल्स ३-० ने जिंकले, तिन्ही गोल फॉरवर्डचे, डेनेकोच्या नावापुढे गोल नाही की असिस्ट नाही. प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी मग कुणाला द्यायची? स्टीव्हन्स होता, दुसरा बचावपटू नीडरमायर होता, आमचा गोलरक्षक ब्रोदूर याने सबंध सामना गोल खाल्ला नव्हता. ती दिली जीन-सेबास्टियन जिगेरला, हरलेल्या संघाच्या गोलरक्षकाला. इतके शॉट अडवले म्हणे त्याने.